देवळाची पायरी सर्वांना चढता यावी

(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त पालेगाव येथे भरलेल्या ग्रामस्थ व देणगीदारांच्या सभेत तालुका कचेरीतील एका कारकुनाने केलेले भाषण)

 

मी काही वक्ता नव्हे. एस.एस.सी.पर्यंत शिकलेला, तालुका कचेरीत कारकुनी करणारा साधा माणूस आहे. समितीने मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हा मी विचार केला की, देवळाचा इतिहास सांगायला माझ्यापेक्षा जाणती मंडळी येथे बसलेली आहेत. हिशेब खजिनदारांनी वाचून दाखविला आहे. तेव्हा माझ्या रोजच्या कामात जी माणसे मला भेटतात, त्यांच्याविषयी बोलावे. संजय गांधी निराधार योजना, श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना, ह्यांचे अर्ज माझ्या टेबलावरून जातात. अर्जामागे माणूस असतो. कुणी काठी टेकीत येतो, कुणाला मुलगा पाठुंगळी घेऊन येतो, कुणाला दिसत नाही म्हणून नात हात धरून आणते. ही माणसे कचेरीत येतात कारण त्यांना यावेच लागते. पण जत्रेला, यात्रेला, सहलीला ही माणसे कुठे दिसतात का, हा माझा आजचा विषय आहे.

त्या योजनेला श्रावणबाळाचे नाव उगाच दिलेले नाही. श्रावणबाळाने आंधळ्या आईबापांना कावडीत बसवून तीर्थयात्रेला नेले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. आपण त्या गोष्टीत मुलाची भक्ती पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या गोष्टीत आणखी एक गोष्ट आहे. त्या म्हाताऱ्या, आंधळ्या आईबापांनाही तीर्थयात्रेची इच्छा होती. डोळे गेले, पाय थकले, म्हणून माणसाची इच्छा थकत नाही.

आपल्या गावाला यात्रेची हौस किती आहे हे मी सांगायला नको. चैत्रात कार्ल्याच्या एकवीरा आईला जायचे, सवड मिळाली की जेजुरी, पंढरपूर, वज्रेश्वरी, टिटवाळ्याचा गणपती. गाड्या ठरतात, वर्गणी गोळा होते, पहाटे नारळ फुटतो. गाडी डोंगराच्या पायथ्याशी थांबते आणि सगळे खाली उतरतात. दोन-चार म्हातारी माणसे मात्र गाडीतच बसून राहतात, नाहीतर चहाच्या टपरीवरच्या बाकावर. आपण विचारतो, "आजी, येता ना?" आजी म्हणते, "तुम्ही जा रे बाबांनो, मी इथूनच हात जोडते." आपण तिच्याकडून ओटीचे सामान घेतो आणि वर जातो. परत येताना तिच्यासाठी प्रसाद आणतो. ती तो कपाळाला लावते आणि तिची यात्रा पुरी झाली असे आपण समजतो.

मंडळी, "इथूनच हात जोडते" हे वाक्य मी माझ्या घरात ऐकले आहे, तुम्ही तुमच्या घरात ऐकले असेल. त्यात तक्रार नसते, म्हणून आपल्या लक्षात येत नाही. आपल्यामुळे दुसऱ्याचा खोळंबा होऊ नये, एवढाच त्यांचा विचार असतो.

अशी माणसे किती? २०११ सालच्या जनगणनेत आपल्या महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. साऱ्या देशात हा आकडा २ कोटी ६८ लाखांच्या आसपास होता. हे झाले नोंदलेले. गुडघे दुखणारी म्हातारी माणसे ह्यात नाहीत. दिवस गेलेली बाई नाही, कडेवर मूल आणि हातात पिशवी असलेली आई नाही, पाय मोडून प्लास्टर घातलेला तरुण नाही, दम लागणारा हृदयरोगी नाही. त्यांना धरले तर प्रत्येक घरातला एकजण तरी निघेल. आणि आज ज्याच्या पायात बळ आहे त्यानेही जमाखर्च मांडून पाहावा. वय कुणाला चुकलेले नाही.

आता आपल्याच तालुक्यातील उदाहरण घेऊ. अंबरनाथचे शिवमंदिर आपल्याला घरचे. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० सालचा शिलालेख तेथे आहे, आणि शिलाहार राजा मुम्मुणी ह्याच्या काळात ते पुरे झाले. वालधुनी नदीच्या काठावरील ह्या मंदिराचे कोरीवकाम पाहायला दूरदूरचे अभ्यासक येतात आणि महाशिवरात्रीला लाखो भाविक. त्याचे वैशिष्ट्य आपल्याला माहीत आहे. सभामंडपातून गाभाऱ्यात जायला सुमारे २० पायऱ्या खाली उतराव्या लागतात. दगड झिजलेला, पाण्याने ओला, आत अंधार. धडधाकट माणूसही भिंतीला हात लावून उतरतो. ज्याला उतरता येत नाही तो वरूनच दर्शन घेतो. आता ते पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालील मंदिर आहे, तेथे कुणाला एक चिरा हलविता येणार नाही, आणि हलवूही नये. साडेनऊशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांना आपण जाब विचारू शकत नाही. पण आपण आज, सिमेंट आणि लोखंड हाताशी असताना, नवे देऊळ बांधीत आहोत. आपल्या नातवंडांनी आपल्याला जाब विचारला तर आपण काय सांगणार?

डोंगरावरच्या देवस्थानांची गोष्ट वेगळी, असे कुणी म्हणेल. देव उंचावर बसला, त्याला कोण काय करणार? पण तेथेही माणसाने वाट काढलीच आहे. वणीच्या सप्तशृंगी देवीला शेकडो पायऱ्या चढून जावे लागे. २०१८ साली तेथे फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली, म्हणजे डोंगराच्या उतारावर रुळांवरून वर ओढली जाणारी गाडी. ज्यांनी आयुष्यभर पायथ्याशी नारळ फोडला, अशी माणसे देवीसमोर उभी राहिली. रायगडावर १९९६ साली रोपवे झाला. दीड हजाराच्या आसपास पायऱ्यांची ती चढण. ती न चढता छत्रपतींच्या समाधीपुढे नतमस्तक होणे म्हाताऱ्या माणसांना शक्य झाले. आपल्या मलंगगडावरही अशाच रुळांवरच्या गाडीचे काम हाती घेण्यात आले आणि ते किती वर्षे रखडले हे आपण ह्याच डोळ्यांनी पाहिले. लेण्याद्रीच्या गणपतीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, तेथे डोलीवाले असतात. घारापुरीच्या लेण्यांनाही खुर्चीच्या डोलीतून वर नेणारे भेटतात. डोलीवाले कष्टाची भाकरी खातात, त्यांना माझा नमस्कार. पण डोलीत बसलेल्या माणसाला विचारा. चार माणसांच्या खांद्यावर आपले ओझे घालून जाताना त्याचा जीव संकोचतो, आणि ज्याच्या गाठीला पैसे नाहीत त्याला तीही मिळत नाही.

आपल्या जिल्ह्यातील वज्रेश्वरीला डोंगर नाही, टेकाड आहे. चिमाजी अप्पांच्या नवसाचे ते देऊळ. त्याच्या ५२ पायऱ्या. बावन्न पायऱ्या म्हणजे तरुणाला दोन मिनिटे. पण वाताने आखडलेल्या पायाला पहिली पायरी आणि बावन्नावी पायरी सारखीच. ज्याला चाकाच्या खुर्चीवरून जायचे आहे, त्याला तर एकच पायरी पुरे. ती एक पायरी म्हणजे भिंत. हे आपण नीट लक्षात घेतले पाहिजे. शंभर पायऱ्यांनी माणूस दमतो, पण एका पायरीने तो अडतो. म्हणून "आपल्याकडे फक्त पाच-सहाच तर पायऱ्या आहेत" हे म्हणणे बरोबर नाही.

देवळापर्यंत पोचण्याआधी प्रवास आहे. त्याचाही थोडा विचार करू. सरकारने सवलती पुष्कळ दिल्या आहेत आणि त्याबद्दल कृतज्ञता व्यक्त करणे माझे कर्तव्य आहे. एस.टी.ने २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत केला. ६५ ते ७५ वयाच्या नागरिकांना निम्मे भाडे. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे भाडे. दिव्यांगांना त्याआधीपासून भाड्यात मोठी सूट होतीच. २०२४ साली ६० वर्षांवरील नागरिकांसाठी मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना जाहीर झाली. कागदावर सर्व ठीक आहे. पण साध्या एस.टी.ची पहिली पायरी जमिनीपासून किती उंच असते ते आठवा. पंचाहत्तर वर्षांच्या आजीला तिकीट माफ झाले, पायरी माफ झाली नाही. मागून कंडक्टर घाई करतो, पुढून कुणी हात देतो, आणि आजी कशीबशी वर चढते. सवलत आणि सोय ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सवलत पैशाने देता येते. सोय करायला आधी दुसऱ्याच्या पायाने चालून पाहावे लागते.

लोकल गाडीत दिव्यांगांसाठी राखीव डबा असतो, आणि मुंबईच्या काही स्थानकांवर त्या डब्याच्या जागी बीप-बीप असा आवाज करणारे यंत्र लावलेले आहे. अंध माणसाने त्या आवाजाच्या रोखाने जावे, डबा तेथेच येतो. किती साधी युक्ती आहे पाहा. एक आवाज, पण त्याने आंधळ्या माणसाला कुणाचा हात न धरता गाडी पकडता येते. पण त्या फलाटापर्यंत जायला पूल असेल आणि पुलाला नुसता जिनाच असेल, तर तो डबा चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला काय कामाचा? घरापासून देवापर्यंतच्या साखळीतली एक कडी तुटली की सारी साखळी तुटली.

कुणाला वाटेल, इतक्या त्रासाने ह्या माणसांनी प्रवास करावाच कशाला? घरी बसावे, देव घरातही आहे. अशांना मी दोन नावे सांगतो. पहिले बाबा आमटे. १९८५ साली कन्याकुमारी ते काश्मीर 'भारत जोडो' यात्रा त्यांनी काढली तेव्हा ते सत्तरीला आलेले होते. पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे त्यांना बसता येत नसे, एक तर उभे राहायचे नाहीतर आडवे पडायचे. बरोबरचे तरुण सायकलींवर, आणि बाबा गाडीत बिछान्यावर पडून. गाडीत बसण्याऐवजी निजण्याची व्यवस्था केली, एवढाच फरक, आणि साऱ्या देशाची यात्रा झाली. दुसरे नाव कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक ह्यांचे. ऐन सोळाव्या-सतराव्या वर्षी त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. त्यांनी नोकरी केली, १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था काढली आणि शेकडो मुलामुलींना उभे केले. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचे आत्मकथन जरूर वाचा. चाकाची खुर्ची ही दुबळेपणाची खूण नव्हे, ती पायांची जागा घेणारी वस्तू आहे, हे त्यातून कळते. जसा चष्मा डोळ्यांसाठी, तशी खुर्ची पायांसाठी. चष्मेवाल्याला आपण देवळात अडवीत नाही.

परदेशात तरी काय आहे? फ्रान्समध्ये लूर्द नावाचे ख्रिस्ती तीर्थक्षेत्र आहे. १८५८ सालापासून ते प्रसिद्धीला आले. तेथे आजारी आणि अपंग यात्रेकरूंना मागे ठेवीत नाहीत. त्यांना मान पहिला. चाकाच्या गाड्यांतून त्यांना स्वयंसेवक पुढे नेतात आणि धडधाकट मंडळी मागून चालतात. ग्रीस देशात अथेन्सची अडीच हजार वर्षांपूर्वीची देवळे एका उंच खडकावर आहेत. त्या खडकावर २०२० साली नवी लिफ्ट बसविण्यात आली. इतक्या प्राचीन जागी हे होऊ शकते, तर आपण आपल्या नव्या बांधकामात का करू नये? अमेरिकेत रॉन मेस नावाचे वास्तुशिल्पी होऊन गेले. लहानपणी पोलिओ झाल्याने ते स्वतः चाकाच्या खुर्चीवर असत. त्यांनी एक विचार मांडला. अपंगांसाठी वेगळे दार आणि इतरांसाठी वेगळे दार असे करू नका. मुळातच असे बांधा की सर्वांना त्याच वाटेने जाता येईल. ह्याला त्यांनी सर्वांसाठीची रचना म्हटले. विचार अमेरिकेतला असेल, पण आपल्या पंगतीला तो परका नाही. पंगतीत आपण सर्वांना एकाच ओळीत बसवितो.

आता कायद्याकडे येतो, कारण तो माझ्या पेशाचा भाग आहे. १९९५ साली अपंगांसाठी पहिला व्यापक कायदा झाला. त्याच्या जागी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आहे. पूर्वी अपंगत्वाचे ७ प्रकार मानले जात, आता २१ मानले जातात. ह्या कायद्यात 'सार्वजनिक इमारत' कशाला म्हणावे ते सांगितले आहे. त्यात शाळा, दवाखाने, बसस्थानके आहेत, आणि धार्मिक कार्यासाठी लोक ज्या इमारतीत जातात त्या इमारतीही आहेत. सरकारी असो की खाजगी. म्हणजे आपले देऊळ त्यात येते. जुन्या सार्वजनिक इमारतींना सुधारणा करायला पाच वर्षांची मुदत होती, ती केव्हाच उलटून गेली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी ह्यांच्या प्रकरणात निकाल दिला की, अशा सोयींचे नियम नुसते सल्लावजा असून भागणार नाही, ते बंधनकारक असले पाहिजेत, आणि सरकारने तीन महिन्यांत तसे नियम करावेत. मी हे कुणाला भीती घालण्यासाठी सांगत नाही. देवाच्या कामात कायद्याची काठी दाखवायला लागू नये. पण देणगीदारांनी माहिती ठेवावी की, ही मागणी एका कारकुनाच्या डोक्यातून निघालेली नाही.

आणि कायद्याच्याही आधी आपला स्वतःचा इतिहास आहे. चोखोबांना पंढरपूरच्या देवळात प्रवेश नव्हता. त्यांची समाधी महाद्वारासमोर, बाहेर आहे. नामदेव महाराजांनी तर संतांची पायधूळ लागावी म्हणून पायरीचीच जागा मागून घेतली, असे आपण मानतो. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. १९४७ साली साने गुरुजींनी पंढरपूरचे देऊळ सर्वांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केले आणि ते दार उघडले. ती बंदी माणसांनी माणसांवर मुद्दाम घातलेली होती आणि तिचा अन्याय फार मोठा. ह्या पायरीची बरोबरी मी त्या अन्यायाशी करीत नाही. आपण कुणाला अडविण्यासाठी पायरी बांधलेली नाही. पण बाहेर राहिलेल्या माणसाला आत काय चालले आहे ते बाहेरूनच ऐकावे लागते, एवढे मात्र दोन्हीकडे सारखे आहे. ज्या महाराष्ट्राने देवळाचे दार उघडण्यासाठी उपोषणे केली, त्याने दारापुढच्या पायरीचा विचार करणे कठीण जाऊ नये.

आता आपल्या देवळाकडे वळतो. जुन्या देवळाचे जोते हातभर होते. पावसाळ्यात पाणी सभामंडपात शिरायचे, म्हणून समितीने नवे जोते तीन फूट उंच घेतले. निर्णय योग्यच होता. पण त्यामुळे जुन्या दोन पायऱ्यांच्या जागी सहा पायऱ्या आल्या. जी म्हातारी माणसे गेल्या वर्षीपर्यंत भिंतीला धरून आत येत आणि काकड आरतीला बसत, त्यांतली काही आता आवारातल्या पारावर बसतात. देऊळ मोठे झाले, सुंदर झाले, आणि त्यांना थोडे दूर गेले. हे कुणाच्या मनात नव्हते. पण घडले आहे, आणि अजून दुरुस्त करता येण्यासारखे आहे, कारण आवाराची फरशी अजून बसायची आहे. एकदा फरशी बसली, बाग झाली, कंपाउंडची भिंत पुरी झाली की मग "पुढच्या वर्षी पाहू" असे होईल, आणि पुढचे वर्ष येत नाही हे कचेरीत पंचवीस वर्षे फायली पाहणाऱ्या माणसाने तुम्हाला सांगायला हवे असे नाही.

करायचे काय, ते मोजमापासह सांगतो. ह्याला रॅम्प म्हणतात, म्हणजे उतरता रस्ता. सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे उतार एकास बारा असावा. म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. आपले जोते तीन फूट, तर लांबी छत्तीस फूट, आणि मध्ये दम खायला पाच फुटांची सपाट जागा. रुंदी चार फूट. दोन्ही बाजूंना कठडा, आणि त्याला दोन दांड्या, एक उभ्या माणसाच्या हाताला आणि एक खुर्चीवर बसलेल्याच्या व लहान मुलाच्या हाताला. गवंड्याने जागा वाचविण्यासाठी उतार उभा केला तर तो रॅम्प न राहता घसरगुंडी होईल. अशा घसरगुंड्या मी ठिकठिकाणी पाहिल्या आहेत. बाहेर बोर्ड मोठा, आणि वर जायला चार माणसे लागतात. सभामंडपाच्या उत्तर दारापाशी, भिंतीलगत, ही जागा निघते. प्रदक्षिणेच्या वाटेला धक्का लागत नाही. मिस्त्रींना बरोबर घेऊन मी टेप लावून पाहिली आहे.

रॅम्पने काम संपत नाही. दार किमान तीन फूट मोकळे हवे आणि उंबरठा बोटभराहून उंच नको. चकचकीत ग्रॅनाइट दिसायला छान, पण आपल्या कोकणपट्टीतल्या पावसात ओल्या पायांनी त्यावर माणूस घसरतो. निदान वाटेवर तरी खरबरीत फरशी घ्यावी. हातपाय धुण्याचा एक नळ खाली असावा. भक्तनिवासाच्या संडासांपैकी एक तरी खुर्चीचा, म्हणजे कमोडचा, आत धरायला दांडी असलेला आणि दार बाहेर उघडणारा असावा. म्हातारी माणसे प्रवासाला जायला पायऱ्यांपेक्षाही संडासाला जास्त भितात. पाणी पीत नाहीत, उपाशी राहतात, आणि मग चक्कर येऊन पडतात. हे लाजेने कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. पाट्या मोठ्या अक्षरांत असाव्यात. पहिल्या आणि शेवटच्या पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी असावी, म्हणजे मंद दिसणाऱ्याला पायरी कळते.

ह्यावर आक्षेप आले आहेत, त्यांचाही मान ठेवून उत्तर देतो. पहिला आक्षेप पावित्र्याचा. रस्त्यावरची चाके देवळात कशी आणायची? ह्यावर उपाय सोपा आहे. देवळाने स्वतःची एक चाकाची खुर्ची ठेवावी. ती आवाराबाहेर जायची नाही. माणसाने आपली खुर्ची चपलांच्या जागी ठेवावी आणि देवळाच्या खुर्चीवर बसावे. ज्याला स्वतःच्या खुर्चीतून उठताच येत नाही त्याची चाके पाण्याने धुवावीत, जसे आपण पाय धुतो. दुसरा आक्षेप शोभेचा. रॅम्पने देवळाचे रूप बिघडेल म्हणतात. उत्तरेच्या बाजूला भिंतीच्याच रंगाचा कठडा घेतला तर तो ओट्यासारखा दिसेल. तिसरा आक्षेप असा की, येऊन येऊन येणार किती जण? मंडळी, जेथे वाट नाही तेथे माणसे दिसत नाहीत, आणि माणसे दिसत नाहीत म्हणून आपण वाट करीत नाही. आधी वाट करून पाहू. उत्सवात महाप्रसादाची पातेली त्याच वाटेने वर जातील, पालखी खांद्यावर घेतलेल्या भोयांनाही ती बरी पडेल, बाळाची गाडी घेऊन सुना येतील. आपल्या शिवाराभोवती आता उंच इमारती झाल्या, त्यांत लिफ्ट आहेत. तेथे राहणारी म्हातारी माणसे दहाव्या मजल्यावरून खाली येऊ शकतात. ती आपल्या देवळापर्यंत आली तर सहा पायऱ्यांपाशी अडू नयेत.

चौथा आक्षेप खर्चाचा, आणि तो खरा आहे. वर्गणी संपत आली आहे हे मला माहीत आहे. म्हणून देणगीदारांना माझी एक सूचना आहे. पायरीवर नाव कोरण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. आईबापांच्या स्मरणार्थ पायरी दिली जाते, आणि भक्तांचे पाय त्या नावाला लागतात ह्यात आपण धन्यता मानतो. आपल्या सहाही पायऱ्यांना देणगीदार मिळाले, सातवी असती तर तिलाही मिळाला असता. रॅम्प छत्तीस फुटांचा आहे. छत्तीस घरांनी एकेक फूट घ्यावा आणि कठड्यावर आपल्या आईबापांचे नाव घालावे. सहा पायऱ्यांवर सहा नावे बसली, येथे छत्तीस बसतील. आणि ज्या आईच्या नावाने तो फूट दिला, ती हयात असेल तर त्याच वाटेने तिला आत आणता येईल. स्मरणार्थ देण्यापेक्षा तिच्या हयातीत दिलेले बरे, असे माझे नम्र मत आहे. माझ्या घरातर्फे मी पहिल्या फुटाची रक्कम आज समितीकडे जमा करीत आहे.

तरुण मंडळाला, जे दरवर्षी यात्रेच्या गाड्या काढतात, त्यांना थोडेसे सांगतो. गाडी ठरविण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. पायऱ्या किती, डोली किंवा ट्रॉली आहे का, आणि जवळ कमोडचा संडास कुठे. गाडीत चढण्यासाठी एक लाकडी चौरंग बरोबर ठेवावा. शंभर-दोनशे रुपयांच्या चौरंगाने एस.टी.ची उंच पायरी अर्धी होते. घडीची एक चाकाची खुर्ची मंडळाने घ्यावी. वेळापत्रकात एक तास सैल सोडावा, कारण म्हाताऱ्या माणसाला घाईने जेवढा त्रास होतो तेवढा चढाने होत नाही. वर्गणीच्या यादीत नावे लिहिताना घरातील सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आधी विचारावे, "तुम्ही येणार ना?" आणि दिव्यांगांचे यूडीआयडी कार्ड काढून घ्यावे. त्यासाठी कचेरीत यावे लागले तर माझ्याकडे यावे. अर्ज भरून देण्याचा मी एक पैसा घेत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे.

पुंडलिकाची गोष्ट सांगून मी संपवितो. साक्षात पांडुरंग दाराशी आला तेव्हा पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपीत होता. त्याने वीट पुढे सारली आणि म्हटले, देवा, थोडा थांब. देव रागावला नाही, तो विटेवर उभा राहिला आणि अजून उभा आहे. म्हाताऱ्या आईबापांसाठी देवसुद्धा थांबतो, असा आपला वारकरी धर्म सांगतो. तेव्हा कलशारोहणाच्या गडबडीत चार दिवस फरशीचे काम थांबवून आधी उत्तरेचा रॅम्प पुरा करून घ्यावा, अशी समितीला माझी हात जोडून विनंती आहे. कलश चढेल त्या दिवशी पारावर बसलेली मंडळी सभामंडपात, पुढच्या ओळीत बसलेली असावीत.

बोलण्यात काही उणेअधिक झाले असल्यास लहान समजून पोटात घालावे. 

जय हिंद! जय महाराष्ट्र!